हिरव्या कागदाचा वास

कोर्टाच्या कागदाला एक वास असतो. डिंकाचा, शाईचा, शिक्क्याच्या लाखेचा, आणि आषाढ लागला की या सगळ्यावर चढणाऱ्या ओलीचा. अण्णा एका वकिलांकडे कारकून होते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातून ते संध्याकाळी घरी येत, तेव्हा हा वास त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला धरून आमच्या घरात शिरत असे. हिरवट लेजर कागदांचे दस्ते, लाल फितीत बांधलेली प्रकरणं, कुणाच्या वाटणीचा दावा, कुणाच्या पोटगीचा अर्ज. जेवणं उरकली की मिणमिणत्या दिव्याखाली ते दाभणाने कागदांना भोकं पाडत आणि दोरा ओवत. आम्ही पोरं लांब बसून बघायचो. हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. वासाला मात्र कोण अडवणार?

यंदा बारावी झालेली भाची ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आत्या, मला वकील व्हायचंय. थेट पाच वर्षांचं करू की आधी बी.ए.? आणि बी.ए.ला घेऊ तरी काय?"

तिने माहिती सगळी काढली होती. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात आधी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मग हळूहळू कायदा. किंवा कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचं एलएलबी. दोन्हीकडे सीईटी. एक वर्ष वाचतं की जातं, एवढाच हिशेब घरात सगळे करत होते. मला तो हिशेब कोता वाटला. अठराव्या वर्षी मिळणारी तीन मोकळी वर्षं पुढे कुठल्याच कोर्टात मागता येत नाहीत.

कायद्याकडे जाणारी माणसं किती वेगवेगळ्या वाटांनी गेली! टिळक १८७७ मध्ये डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये एलएलबी. गजेंद्रगडकर संस्कृतात एम.ए. होऊन कायद्याकडे वळले आणि १९६४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. इतिहासात बुडालेले न्यायमूर्ती रानडे तर १८७८ मध्ये बदली होऊन आमच्या नाशकातच न्यायदानाला आले होते. गणित, संस्कृत, इतिहास. कायद्याने कुणालाच दारातून परत पाठवलं नाही.

पण मी तिला या थोरांच्या गोष्टी सांगत बसले नाही. मला आठवत होते ते अण्णांच्या हातातले जुने दस्त. पिवळे पडलेले, घड्यांवर फाटलेले, मोडी लिपीत लिहिलेले. शाळांतून मोडी गेली, वाचणारे एकेक करून गेले, पण जमिनीचे जुने कागद आहेत तिथेच आहेत. निफाड-दिंडोरीकडचा एखादा वाद चार पिढ्या मागे गेला की सातबारा अपुरा पडतो आणि मग मोडी जाणकाराची शोधाशोध सुरू होते. अण्णा थोडी वाचत. बोट अक्षराखालून सरकत जाई, ओठ हलत आणि मध्येच ते थांबून म्हणत, "बघ, इथे विहिरीचं पाणी लिहिलंय." शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकऱ्याचं पाणी. त्या क्षणी त्या ओलसर वासाला माणसाचा चेहरा फुटायचा.

म्हणून मी एवढंच म्हटलं, इतिहास घे. मराठी चांगली लिहायला शिक, कारण जिल्हा न्यायालयात उभं राहून तुला मराठीतच बोलायचंय. मोडीचा वर्ग लाव. सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात, दुपारी बसून काहीही वाच, अगदी परीक्षेला नसलेलंही. इंग्रजी लागेलच, ती वर मुंबईच्या उच्च न्यायालयात. पण माणसाचं गाऱ्हाणं नीट ऐकून घेणं आधी लागेल. ते कुठल्या विषयात शिकवतात, मला ठाऊक नाही. कादंबऱ्यांत थोडं शिकवतात, असा माझा संशय आहे.

भावाला हे पटलं नाही. सहा वर्षं म्हणजे फार, असं तो अजून म्हणतो, आणि पोरीच्या बापाची ती काळजी खोटी नाही.

तरी अर्ज गेला आहे तो इतिहासाचाच. मोडीचा वर्गही तिने शोधून ठेवलाय. तुमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या कागदांची पेटी असेल, तर रद्दीत घालू नका. थोडी वर्षं थांबा.