स्वतःच्या बाजूविरुद्धची साक्ष

मे २०२२ मध्ये रशियन सैन्याने पूर्व युक्रेनमधील बिलोहोरिव्का गावाजवळ सिव्हेर्स्की दोनेत्स नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि तो पार फसला. युक्रेनने ड्रोनमधून टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत तुटलेला तरंगता पूल होता आणि काठावर जळून काळी पडलेली डझनावारी चिलखती वाहने होती. ही छायाचित्रे शत्रूपक्षाने दिलेली, त्यामुळे ती जुनी आहेत, दुसरीकडची आहेत असे म्हणायला वाव होता. तो वाव संपवला रशियाच्याच बाजूच्या माणसांनी. तेव्हा टेलिग्रामवर वीस लाखांवर अनुयायी असलेले कट्टर युद्धसमर्थक ब्लॉगर युरी पोदोल्याका यांनी, सेनाधिकाऱ्यांच्या मूर्खपणामुळे किमान एक बटालियन गट जळाला, असे उघड सांगून टाकले. लष्करी चॅनेल, माजी सैनिकांचे गट आणि जवानांच्या नातेवाइकांची पाने यांना बातमीचा स्रोत मानावे का, या प्रश्नाचे उत्तर मला या घटनेत दिसते. अशा समूहांवर सरसकट विश्वास ठेवता येत नाही आणि त्यांना सरसकट बादही करता येत नाही. पाहायचे ते इतकेच, की हे विधान खरे ठरल्याने बोलणाऱ्याचे काही नुकसान होते का? पुराव्याच्या कायद्यात स्वतःच्या हिताविरुद्ध केलेल्या विधानाला वेगळे वजन असते. युद्धवार्तांकनातही ते द्यायला हवे.

रशियातील या ब्लॉगरांना इतके कळते कसे, हेही समजून घेतले पाहिजे. त्यांतले बरेच जण तुकड्यांबरोबर आघाडीवर जातात. अनेक जण वर्गणी गोळा करून जवानांना ड्रोन आणि रात्रीच्या दुर्बिणी पुरवतात. साहजिकच वरिष्ठांपुढे बोलता न येणारी तक्रार जवान त्यांच्याकडे करतो. मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी’ माहिती पसरवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देणारा कायदा झाला. स्वतंत्र रशियन माध्यमे बंद पडली किंवा देशाबाहेर गेली. युद्धाचे समर्थक म्हणून या मंडळींना मात्र काही काळ बोलण्याची सवलत उरली. १ जानेवारी २०२३ ला मध्यरात्रीच रशियाच्या ताब्यातील माकियिव्का येथील एका शाळेच्या इमारतीत उतरलेल्या रशियन जवानांवर युक्रेनची क्षेपणास्त्रे कोसळली, तेव्हा रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने आधी ६३ आणि मग ८९ मृत्यू मान्य केले आणि जवानांनी बंदी असूनही वापरलेल्या मोबाइलवर खापर फोडले. ब्लॉगर भडकले. शेकडो माणसांना एकाच इमारतीत का ठेवले, त्याच इमारतीत दारूगोळा का साठवला आणि हे ठरवणारा अधिकारी कोण, असे प्रश्न त्यांनी विचारले. मंत्रालयाच्या पत्रकात या प्रश्नांची उत्तरे नव्हती.

यावर आक्षेप येतो तो असा, की ही टीका तरी निःस्वार्थी कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. मलेशियन विमान एमएच-१७ पाडल्याच्या खटल्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले इगोर गिर्किन हे या टीकाकारांत आघाडीवर होते आणि युद्ध अधिक निर्दयपणे लढले जावे हीच त्यांची मागणी होती. वॅग्नर या भाडोत्री फौजेचा मंत्रालयाशी उघड झगडा चालू असताना तिच्याशी जवळीक असलेले चॅनेल मंत्रालयाचे अपयश रंगवून सांगणारच. म्हणून घटना आणि तिचे कारण वेगळे काढावे लागते. माकियिव्कात फौज एका इमारतीत होती आणि तिथे मोठी हानी झाली, ही घटना. ती कबूल केल्याने रशियाची बाजू पडते. दोष कोणाचा, हा मात्र त्यांच्या राजकारणाचा भाग झाला. तीच सावधगिरी पलीकडेही हवी. युक्रेनने तेव्हा सुमारे ४०० मृत्यूंचा दावा केला होता. शत्रूचे नुकसान सांगणारा हा आकडा बातमीत दावा म्हणूनच यायला हवा.

या स्रोताचा सर्वांत कसदार उपयोग मला गाजणाऱ्या चॅनेलांवर दिसत नाही, तो साध्या गावपानांवर दिसतो. रशियाने आपल्या मृतांचा आकडा सप्टेंबर २०२२ मध्ये ५,९३७ असा दिला आणि त्यानंतर तोंड मिटले. ‘मेदियाझोना’ हे स्वतंत्र रशियन वृत्तस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने नावे मोजायला घेतली. व्हीकॉन्टाक्टे या रशियन समाजमाध्यमावरची गावाची पाने, शाळेने माजी विद्यार्थ्याला वाहिलेली श्रद्धांजली, नातेवाइकांच्या पोस्ट आणि नव्या कबरींवरच्या पाट्या यांतून एकेक नाव जुळवत गेल्यावर २०२५ मध्ये ही यादी एक लाखावर गेली. मुलगा गेला असे लिहिणाऱ्या घराला प्रचारातून काही मिळवायचे नसते. गावातही त्याला शूर म्हणूनच निरोप दिला जातो. सरकारने लपवलेला आकडा सरकारवर निष्ठा असलेल्यांच्याच शोकातून बाहेर आला.

उलट बाजू आपण मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात घरबसल्या पाहिली. ८ मेच्या रात्री अनेक भारतीय वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे छातीठोकपणे सांगितले. तसे काही झालेले नव्हते. समाजमाध्यमांवरून आलेले हे दावे ऐकणाऱ्याला सुखावणारे होते आणि म्हणूनच ते सर्वांत आधी अडवायला हवे होते. ‘आर्मा ३’ या खेळातली दृश्येही त्या दिवसांत खरी लढाई म्हणून फिरली. हा खेळ बनवणाऱ्या झेक कंपनीने २०२२ मध्येच अशा बनावटीच्या खुणा जाहीर केल्या होत्या: चित्र अस्पष्ट, कॅमेरा थरथरता, बहुतेकदा रात्र, आवाज नाही, हालचाल करणारी माणसे नाहीत. ही तपासणी मिनिटांची आहे. स्पर्धेत वेळ मिळत नाही, ही तक्रार मला पटत नाही. मराठी वर्तमानपत्रांपुढचा धोका वेगळा आहे. टेलिग्रामवरचा दावा एखाद्या अभ्याससंस्थेच्या दैनिक अहवालात जातो, तिथून वृत्तसंस्थेकडे जातो आणि आपल्यापर्यंत ‘तज्ज्ञांच्या मते’ होऊन पोहोचतो. मूळ सांगणारा कोण आणि कोणत्या बाजूचा, हे वाटेत गळून पडते. ते बातमीत परत लिहिणे हे उपसंपादकाचे काम आहे.

अशी माहिती छापल्याने शत्रूला मदत होते, हा सुरक्षेचा आक्षेप याहून गंभीर आहे. चॅनेलवर आधीच आले आहे, ही सबब मी मान्य करत नाही, कारण काही हजारांच्या गटातली जागा वाहिनीने दाखवली की ती शत्रूच्याही दिवाणखान्यात पोहोचते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचे थेट प्रक्षेपण पाकिस्तानातले सूत्रधार पाहत होते. त्या हल्ल्यातील दहशतवादी कसाब याच्या खटल्याच्या २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल वाहिन्यांना खडसावले आहे. त्यामुळे चालू हालचालींची माहिती, ती कितीही खरी असली, तरी कारवाई संपेपर्यंत छापू नये. मृतांच्या घरच्यांबाबत नियम याहून सोपा ठेवता येतो. पोस्टवरून नाव, गाव आणि तारीख तपासून घ्यावी. आईचे शब्द किंवा घरातले छायाचित्र वापरायचे असेल तर तिला विचारावे. तिने नाही म्हटले, तर मोजणीत नाव धरून तिथेच थांबावे.