काडीमोड आणि कविता

'गोलपिठा' आम्ही मंचावरून म्हणत आलो. १९७२ चे ते पुस्तक आणि त्याच वर्षीची दलित पँथर, हे आम्हा कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. पण मलिका अमर शेख यांचे पुस्तक आमच्या अभ्यासवर्गात कितीदा उघडले? खरे सांगायचे तर एकदाही नाही. 'नवरा-बायकोच्या भांडणात चळवळ कशाला ओढता?' असे म्हणून आम्हीच विषय बंद करत होतो.

मागच्या महिन्यात विहारात तो उघडला. ढसाळांबरोबरच्या संसाराची पडझड मलिकाताईंनी १९८४ च्या आत्मकथनात लिहिली. त्याचे नाव 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. त्याआधीच्या कवितासंग्रहाचे नाव 'वाळूचा प्रियकर'. या दोन नावांवरच तासभर गेला. उद्ध्वस्त होते ते घर, गाव, वस्ती. इथे बाई तो शब्द स्वतःला लावते आणि वर 'व्हायचंय' म्हणते! मोडणाऱ्याच्या हातातले क्रियापदच तिने काढून घेतले. आणि वाळू? हवा तो आकार घेते, मूठ आवळली की निसटते. (कवयित्रीला हेच म्हणायचे होते असा आमचा दावा नाही, आम्ही असे वाचले.)

एक मित्र चिडला. म्हणाला, अन्याय झाला तर सरळ सांगावे, प्रतिमा ही पांढरपेशी पळवाट आहे. तेव्हा मागे बसलेल्या मावशी बोलल्या, "मग काडीमोड काय असतं रे?" पंचांपुढे काडी मोडून दिली की नाते संपले, हे त्यांनी आजीकडून ऐकलेले. म्हणजे ज्यांना अक्षर शिवू दिले नाही त्या माणसांनी हे रूपक घडवले, आणि आम्ही ते रोज वापरूनही पाहिले नाही. वाळलेली काडी. वाकत नाही, तुटते, आणि तुटल्यावर कोणी सांधत बसत नाही. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी हीच आठवण करून दिली होती, की शूद्र ठरवलेल्या जातींत घटस्फोट रूढीने चालतच आला आहे. बिल रखडले, १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. घटस्फोटाची तरतूद आली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात.

अर्थात पंच पुरुषच असत, काडीचे फार कौतुक नको. पण आजीच्या वाट्याला काडी आली आणि चळवळीतल्या कवयित्रीने स्वतःसाठी ढिगाऱ्याचा शब्द निवडला, हे अंतर कसे पडले? त्यावर मित्र गप्प होता. आम्हीही.

मावशींना बारीक अक्षर दिसत नाही. येत्या रविवारी ते आत्मकथन आम्ही मोठ्याने वाचणार आहोत. पहिले पान त्या चिडलेल्या मित्राने मागून घेतले आहे.