राखणदार

कुत्रें आजारी पडलें कीं घरांत प्रथम दोषी शोधला जातो. आमचा मोती लंगडूं लागला; आज हा सांधा सुजे, उद्यां तो. घरच्या मंडळींनीं शिळ्या भाकरीस बोल लावला, शेजाऱ्यांनीं गोचिडांस. अखेर आम्हीं त्यास अमरावतीहून अकोल्यास पशुवैद्याकडे नेलें.

देहाच्या रक्षणार्थ निर्माण होणारीं प्रतिद्रव्यें कधीं कधीं स्वतःच्याच पेशीकेंद्रांतील प्रथिनांवर उलटतात. माणसांतील हा ल्यूपस रोग कुत्र्यांसहि होतो, असें अमेरिकेंतील लुइस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६५ सालीं दाखविलें. परीक्षेची रीत मनोवेधक आहे. कांचेवरील पेशींवर कुत्र्याचा रक्तरस घालतात, मग चकाकणारा रंग जोडलेलें दुसरें प्रतिद्रव्य. सूक्ष्मदर्शकांत केंद्रें हिरवीं उजळलीं, म्हणजे उलटलेले पहारेकरी सांपडले.

पण एवढ्यावरून निकाल देतां येत नाहीं. गोचिडांपासून होणाऱ्या एर्लिकिया तापांतहि, क्वचित् निरोगी कुत्र्यांतहि, केंद्रें उजळतात. म्हणून आधीं त्या तापाची शंका फिटावी लागते. कारण तापांत जंतु मारावयाचे, तर येथें प्रेडनिसोलोन देऊन पहारेकऱ्यांसच आवरावयाचें, आणि पहारा सैल झाला म्हणजे खऱ्या चोरास फावतें. हल्ला नेमका कोणत्या प्रथिनावर, हाहि शोध चालूं आहे. २०१८ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं आयएलएफ-२ व आयएलएफ-३ हीं दोन हेरलीं.

मोती आतां गोळ्यांवर आहे. रोगास आरोपी नसला म्हणजे माणसास चुकल्यासारखें होतें. शुश्रूषेस मात्र आरोपी लागत नाहीं.