चित्राचे नागरिकत्व

पॅरिसच्या पूर्व सीमेवर, व्हँसेनच्या वनाला लागून, पोर्त दोरे येथे एक भव्य वास्तू उभी आहे. १९३१ साली भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी ती बांधण्यात आली. आल्फ्रेद झानियो या शिल्पकाराने तिची दर्शनी भिंत उत्थित शिल्पांनी मढवली. आफ्रिका आणि आशियातील माणसे, पशू, वृक्ष आणि पिके यांची तेथे दाटी आहे. वसाहतींचे सारे वैभव फ्रान्सच्या दिशेने वाहत आहे, असा तो देखावा. साम्राज्य मावळत गेले तशी वास्तूची नावे बदलली. वसाहतींचे संग्रहालय प्रथम सागरपार फ्रान्सचे आणि पुढे आफ्रिका व ओशनियातील कलांचे संग्रहालय झाले. २००७ साली तेथे स्थलांतराच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. भिंत मात्र तीच राहिली. ज्यांचे पूर्वज दगडात ओझी वाहताना कोरले गेले, त्यांची कहाणी आता त्या दगडामागच्या दालनांत सांगितली जाऊ लागली.

याच वास्तूत २०२१ साली पिकासोवर एक प्रदर्शन भरले. त्याचा विषय होता परदेशी पिकासो. पोलिसांच्या आणि नागरिकत्व खात्याच्या दप्तरांचा शोध घेऊन इतिहासकार आनी कोहेन-सोलाल यांनी ते सिद्ध केले होते. एकोणीस वर्षांच्या या स्पॅनिश तरुणाविषयी पॅरिसच्या पोलिसांनी १९०१ मध्येच नोंद उघडली. तो अराजकवादी असावा असा त्यांचा संशय होता. पुढे जवळजवळ चार दशके तो फ्रान्समध्ये राहिला आणि विसाव्या शतकाच्या चित्रकलेची दिशा त्याच देशात बसून त्याने बदलली. १९४० साली त्याने फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला. तो फेटाळण्यात आला. १९७३ मध्ये तो स्पॅनिश नागरिक म्हणूनच मरण पावला. वारसा-कर कलाकृतींच्या रूपाने फेडण्याची मुभा देणारा कायदा फ्रान्सने १९६८ साली केला होता. त्या कायद्यान्वये पिकासोच्या वारसांनी त्याच्या कृतींचा फार मोठा ठेवा शासनाच्या स्वाधीन केला आणि त्यातून १९८५ साली पॅरिसचे पिकासो संग्रहालय उभे राहिले. चित्रकाराला जे नागरिकत्व नाकारले गेले, ते त्याच्या चित्रांना विनासायास लाभले.

हा विरोधाभास एका माणसापुरता मर्यादित नाही. 'फ्रेंच कला' या शब्दप्रयोगातील 'फ्रेंच' हे विशेषण कशाला लागते, कलावंताच्या जन्माला, त्याच्या भाषेला, त्याच्या वास्तव्याला की त्याच्या कृतीला, हा त्यामागील खरा प्रश्न होय. १९२० नंतरच्या दशकात तो उघडपणे पुढे आला. १९२४ च्या सुमारास 'स्वतंत्र कलावंतां'च्या वार्षिक प्रदर्शनात चित्रे चित्रकारांच्या राष्ट्रीयत्वानुसार लावण्याचा निर्णय झाला आणि त्यावर वादंग माजले. मोंपार्नासमध्ये राहणाऱ्या परदेशी चित्रकारांची बाजू घेत आंद्रे वार्नो या समीक्षकाने १९२५ मध्ये 'पॅरिस संप्रदाय' ही संज्ञा रूढ केली. तीत गौरव होता, हे निःसंशय. तथापि 'फ्रेंच संप्रदाय' ही संज्ञा तिच्या शेजारी शाबूत राहिली, हेही विसरता येत नाही. शहराने ज्यांना आपले म्हटले, त्यांना राष्ट्राने आपले म्हटलेच असे नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी शासनानेच हा प्रश्न हाती घेतला. २००७ साली 'स्थलांतर आणि राष्ट्रीय अस्मिता' या दोन शब्दांना एकत्र बांधणारे मंत्रालय स्थापन झाले. या जोडणीचा निषेध म्हणून पोर्त दोरे येथील नियोजित संग्रहालयाशी संबंधित आठ अभ्यासकांनी आपल्या पदांचे राजीनामे दिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संग्रहालयाचे दरवाजे उघडले, पण औपचारिक उद्घाटन २०१४ पर्यंत लांबले. दरम्यान २००९ च्या नोव्हेंबरात 'फ्रेंच असणे म्हणजे काय?' या प्रश्नावर देशव्यापी चर्चा आरंभण्यात आली. तिच्यातून निष्पन्न झाली ती कटुता. वर्षभरात ते मंत्रालयच विसर्जित झाले.

ज्या प्रश्नाचे उत्तर शासनाला सापडले नाही, तो एका कलाकृतीने आधीच निराळ्या रीतीने मांडला होता. झिनेब सेदिरा यांचा जन्म १९६३ मध्ये पॅरिसलगतच्या झेनव्हिलिए येथे अल्जीरियन आईवडिलांच्या पोटी झाला. पुढे त्या लंडनला स्थायिक झाल्या. 'मातृभाषा' (२००२) या त्यांच्या कृतीत तीन पडदे आहेत. एका पडद्यावर आई अरबीत बोलते आणि झिनेब फ्रेंचमध्ये. दोघींना एकमेकींचे कळते. दुसऱ्यावर झिनेब फ्रेंचमध्ये बोलते आणि तिची मुलगी इंग्रजीत. तेथेही संवाद अडत नाही. तिसऱ्या पडद्यावर आजी आणि नात समोरासमोर येतात. एकीची अरबी दुसरीला येत नाही, दुसरीची इंग्रजी पहिलीला येत नाही. संवाद खुंटतो. मातृभाषा हा शब्द आपण किती निःशंकपणे वापरतो, याची जाणीव त्या शांततेत होते. तीन पिढ्यांत आईची भाषा दोनदा बदलली. त्यांपैकी कोणत्या भाषेला मूळ म्हणावे?

याच सेदिरा २०२२ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात फ्रान्सच्या प्रतिनिधी होत्या. व्हेनिसमध्ये देशोदेशींची स्वतंत्र दालने असतात आणि तेथे कलावंत राष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. सेदिरा यांनी फ्रेंच दालनाचे रूपांतर चित्रपटाच्या सेटमध्ये केले आणि १९६० नंतरच्या काळात फ्रान्स, इटली व अल्जीरिया यांच्या सहकार्याने निघालेल्या चित्रपटांची स्मृती जागवली. त्याआधी २०१३ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी आपापल्या दालनांची अदलाबदल केली होती. जर्मन दालनात फ्रान्सच्या वतीने आन्री साला या अल्बानियात जन्मलेल्या कलावंताची कृती होती. तिचा आधार होता मॉरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची केवळ डाव्या हातासाठी रचलेली पियानोवरील रचना. आणि ती रचना पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढताना उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनस्टाइन या वादकासाठी लिहिलेली होती. कालच्या शत्रुसैनिकाच्या उरलेल्या हातासाठी जे संगीत लिहिले गेले, ते अस्सल फ्रेंच मानण्यास कोणाचीही हरकत नसते.

या परंपरेत सैयद हैदर रझा यांचे नाव घ्यावे लागते. मध्य प्रदेशात जन्मलेला, नागपूर आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला आणि मुंबईच्या 'प्रोग्रेसिव्ह' गटाच्या संस्थापकांपैकी असलेला हा चित्रकार १९५० साली पॅरिसला गेला व जवळजवळ साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिला. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे १९८१ च्या 'माँ' या चित्रात, फ्रान्समध्ये बसून, त्यांनी देवनागरीत कवितेची ओळ लिहिली. ती ओळ वाचता न येणाऱ्या प्रेक्षकाला ती आकार म्हणून दिसते. वाचता येणाऱ्याला ती हाक म्हणून ऐकू येते. रझा २०१० च्या अखेरीस भारतात परतले आणि २०१६ मध्ये दिल्लीत निवर्तले. २०२३ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. दोन्ही देशांनी त्यांना आपले म्हणावे आणि दोघांचेही म्हणणे खरे असावे, अशी ही दुर्मीळ स्थिती.

मात्र एवढ्यावरून सर्वांना सामावून घेणारे फ्रान्स हा दिलासादायक निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सामावून घेतले जाते ते यशानंतर. त्याआधी दाराशी कागदपत्रे तपासली जातात. पिकासोला चित्रांचा आधार होता. ज्यांच्यापाशी चित्रे नाहीत, त्यांच्या अर्जाचे काय, हा प्रश्न पोर्त दोरेच्या भिंतीवरील नामहीन आकृती आजही विचारत असतात.

'मातृभाषा'च्या तिसऱ्या पडद्यावर आजी आणि नात यांच्यामध्ये कोणीही नसते. दोघींना जोडू शकणारी एकच व्यक्ती तेथे अनुपस्थित आहे. ती म्हणजे मधली, दोन्ही बाजूंचे समजणारी आणि स्वतः फ्रेंच बोलणारी स्त्री. राष्ट्रीय अस्मितेच्या चर्चेत आजीची बाजू मांडली जाते, नातीचीही मांडली जाते. समकालीन फ्रेंच कला बोलते ती या मधल्या, न दिसणाऱ्या जागेवरून.