कोराडीची वाट आणि कपाशीची पऱ्हाटी

गेल्या चैत्री नवरात्रांत आम्ही सहकुटुंब कोराडीस जाऊन आलों. नागपूरच्या उत्तरेस चार-पांच कोसांवर, छिंदवाड्याच्या वाटेजवळ, महालक्ष्मी जगदंबेचें हें स्थान आहे. घरांत नात जन्मली होती. तेव्हां देवीची ओटी भरून यावी असें घरांतील मंडळींनीं ठरविलें. आम्हांस आणखी एक काम होतें. त्याच वाटेनें पुढें सावनेरच्या बाजूस आमची वडिलोपार्जित शेती आहे. धाकट्या बंधूंचा निरोप होता कीं, एक व्यापारी शेतांतील सर्व पऱ्हाटी नेण्यास तयार आहे. आपण येऊन होय कीं नाहीं तें सांगावें.

देवीची मूर्ति सकाळीं कन्येसारखी, दुपारीं तरुण स्त्रीसारखी आणि सायंकाळीं वृद्धेसारखी दिसते, असें भाविक सांगतात. आम्हांस सकाळचें दर्शन घडलें. नंतर तलावाच्या बाजूस सावली पाहून शिदोरी सोडली. तेथून औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुरांडीं दिसतात. केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढें २०१५ ते २०१७ या काळांत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच चालू झाले. आमच्या घरचा दिवा लागतो त्यांत या धुरांड्यांचाही वांटा असेल. म्हणून त्यांस नुसतीं नांवें ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमचा मोठा नातू रसायनशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, तेथें जळतो तो कोळसा आणि आपल्या शेतांतील पऱ्हाटी हीं एकाच कुळांतलीं. कोळसाही एके काळीं झाडपालाच होता."

त्याचें म्हणणें खरें आहे. आपल्याकडील कोळशाचे थर पंचवीस कोटि वर्षांहूनही जुने. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस 'गोंडवन' थर म्हणतात, आणि तें नांव गोंडांच्या या आपल्याच प्रदेशावरून पडलें आहे. संसारी माणसाच्या भाषेंत सांगावयाचें तर कोळसा ही पूर्वजांची ठेव आणि पऱ्हाटी हें वर्षाचें उत्पन्न. ठेव मोडून खाणारें घर आणि उत्पन्नांत भागविणारें घर यांतील भेद वाचकांस सांगावयास नको. पऱ्हाटी जळतांना जो कार्बन हवेंत जातो तो तिनें त्याच हंगामांत हवेंतून घेतलेला असतो. कोळशाचा कार्बन मात्र युगानुयुगें जमिनींत निजलेला असतो.

"मग या पऱ्हाटीचें इथेनॉल कां करूं नये?" नातवानें विचारलें.

आम्हांस शंका आली. गोड रस आंबवून मद्यार्क होतो हें ठाऊक आहे; कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही आंबविण्याच्या किण्वाचा उल्लेख येतो. पण वाळल्या काटकींत साखर कोठून येणार? त्यावर त्यानें सांगितलें तें असें. झाडाच्या तंतूंत सेल्युलोज असतें. तें म्हणजे साखरेच्याच मण्यांची माळ. भातांतील पिष्टही तशीच माळ, परंतु मणी ओवण्याची गांठ निराळी. सेल्युलोजची गांठ आपल्या पोटांत सुटत नाहीं. गाईच्या पोटांतील सूक्ष्म जंतु ती सोडवितात, म्हणून कडबा खाऊन गाय दूध देते. शिवाय त्या तंतूंभोंवतीं लिग्निन नांवाच्या कठीण द्रव्याचें लिंपण असतें. कारखान्यांत प्रथम वाफ, उष्णता किंवा सौम्य अम्ल यांनीं हें लिंपण सैल करावें लागतें. मग विकरें घालून साखर सुटी करावयाची, ती किण्वानें आंबवावयाची आणि शेवटीं ऊर्ध्वपातन करून इथेनॉल वेगळें काढावयाचें. उरलेलें लिग्निन भट्टींत जाळण्यास उपयोगी पडतें.

या विकरांची कथा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व कपडे एका बुरशीनें खाऊन टाकले. शास्त्रज्ञांनीं त्या बुरशीचा अभ्यास केला, आणि जिनें कापूस नासविला तीच पुढें गवता-काडीची साखर करण्याच्या कामीं आली.

हें केवळ प्रयोगशाळेंतील स्वप्न नव्हे. हरियाणांत पानिपत येथें इंडियन ऑईलचा असा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजीं राष्ट्रास अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटि लिटर इथेनॉल, ही त्याची योजना; म्हणजे टनामागें दीडशें लिटर. त्याचें तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचें आहे, हें ऐकून आम्हांस अभिमान वाटला. २०२५ साली देशानें पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला; परंतु तें बहुतेक ऊस व धान्य यांपासूनचें. ताटांतील घांस इंधनाकडे न जातां काडीकचरा जावा, हा हेतु निःसंशय स्तुत्य होय.

परंतु नागपूरकरांनीं एक गोष्ट विसरूं नये. २०१४ साली इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आपल्या शहरांत आली, तिच्या मागून आणखीही आल्या. आणि २०१८ साली ती सेवा बंद पडली. यंत्र चालतें म्हणून व्यवस्था चालते, असें नाहीं. पऱ्हाटीचेंही तसेंच आहे. ती भाताच्या पेंढ्यापेक्षां लाकडासारखी कठीण, आणि आकारानें मोठी पण वजनानें हलकी. ती उपटावयाची, गोळा करावयाची आणि दूरवर न्यावयाची, याचाच खर्च फार. म्हणूनच आजचा गिऱ्हाईक इथेनॉलवाला नव्हता. भुसा करून, तो दाबून इंधनाच्या विटा पाडणारा होता.

दुपारीं शेतावर पोहोंचलों. बांधावर पऱ्हाटीच्या गंजी रचलेल्या होत्या. शेजारच्या शेतांत त्या पेटविल्या होत्या आणि धूर अंगावर येत होता. बंधूंनीं हिशेब पुढें ठेवला. हेक्टरीं दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. ती घराजवळ वा बांधावर तशीच पडूं दिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. २०१७ साली या अळीनें विदर्भांत केलेला कहर सर्वांच्या स्मरणांत आहे. तेव्हां एक तर जाळा, नाहीं तर विका. विकणें उघडच शहाणपणाचें होतें, आणि आम्हीं रुकार देण्यास तोंड उघडलेंही.

इतक्यांत आमच्या बटईदाराची म्हातारी आई पुढें आली. आम्हांस ती लहानपणापासून ओळखते. म्हणाली, "गुरुजी, समदी पऱ्हाटी गाडीत गेली त मी चुलीत काय घालू?"

"आजी, तुमच्याकडे गॅस आहे ना?"

"आहे जी. पण सिलिंडर भराले पैसे लागते. पऱ्हाटीले लागत नाही."

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. सकाळपासून आम्ही पऱ्हाटीस 'कचरा' म्हणत होतों. पण या माउलीच्या घरीं तोच कचरा स्वयंपाकाचा आधार, कुडाची भिंत आणि न्हाणीचें ऊन पाणी होता. ज्या वस्तूचें मोल आम्हांस आज कळलें, तें तिला जन्मभर ठाऊक होतें. आणि मोल ठरतांच वस्तु तिच्या हातून जाणार होती! चुलीचा धूर तिच्या डोळ्यांस व छातीस चांगला नव्हे, हेंही खरें. परंतु तो धूर घालविण्याचा उपाय जळण काढून घेणें हा नव्हे.

बंधु थोडे नाराज झाले, पण शेवटीं असें ठरलें: बटईदाराच्या घराला वर्षभर पुरेल इतकी पऱ्हाटी आधीं बाजूस काढावी आणि अळी राहूं नये म्हणून तिचे तुकडे करून ती वाळवावी, बाकीची विकावी, आणि विक्रीचे पैसे कपाशीप्रमाणेंच निम्मे-निम्मे वांटावे, म्हणजे सिलिंडर भरण्यास तिच्या हातीं कांहीं येईल. शेतांत पेटवावयाची मात्र एक काडीही नाहीं.

परततांना सायंकाळ झाली. मंडळींच्या आग्रहास्तव पुन्हां देवळांत गेलों. या वेळीं मूर्ति आम्हांस वृद्धेसारखी भासली. सकाळीं आम्हीं नातीसाठीं मागणें मागितलें होतें. आतां मात्र बांधावरची म्हातारी डोळ्यांपुढें होती.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांची शेती गांवीं असेल आणि ते शहरांत राहत असतील. काडीकचऱ्याचें इंधन होण्याचे दिवस येत आहेत, आणि ते यावेतच. सौदा करण्यापूर्वीं मात्र एकवार बांधावर जावें, आणि त्या काडीवर आज कोणाची चूल पेटते, हें विचारून घ्यावें.