हाताने चालतं, आपोआप चालत नाही

"बंदच करून टाक ना ते!" फोनवरचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

निमोण्यातल्या एका डेअरीसाठी मी छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. काट्यावरचं वजन आणि फॅट मशीनचा आकडा थेट कॉम्प्युटरात. लिनक्स सुरू झालं की सर्व्हिस आपोआप मागे चालू होणार. होम फोल्डरमधली फाइल 'एमव्ही'ने यूजर-लोकल-बिनमध्ये नेली आणि मशीन रीस्टार्ट केलं. सर्व्हिस उठेना. परमिशन डिनाइड, कोड २०३. मालक रूट, परवानगी ७५५. तीच फाइल टर्मिनलवरून चालवली की पळायची! बाहेर किटल्या घेऊन माणसं ताटकळलेली.

ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन केला, तर हे उत्तर. मी ऐकलंही. 'सेटएन्फोर्स ०' मारलं, दूध मोजलं गेलं.

दुपारी ऑडिट लॉग उघडला. अडवत होतं एसई-लिनक्स, 'सेटएन्फोर्स ०'ने मी तात्पुरतं गप्प केलेलं तेच; २००३ पासून ते कर्नलमध्येच आहे. मालक नि परवानग्या ठीक असल्या तरी ते फाइलवरचं लेबल बघतं. 'सीपी'ने कॉपी केली असती तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं; 'एमव्ही'त जुनंच सोबत येतं. फाइल सिस्टीमच्या फोल्डरात, लेबल 'यूजर_होम_टी'. टर्मिनलवर मी मोकळा होतो, पण सर्व्हिस उठवणाऱ्या सिस्टिमडीला घरातल्या फाइली चालवायची मुभा नाही. 'रिस्टोअरकॉन', एवढीच एक ओळ हवी होती.

त्याच सहकाऱ्याचा दुसरा सल्ला होता, ऑडिट-टू-अलाऊने नियम बनव आणि लाव. नियम वाचला आणि घाम फुटला. 'यूजर_होम_टी' लेबलची कुठलीही फाइल सिस्टिमडीने चालवावी, अशी ती परवानगी होती. माझ्या एका फाइलसाठी सगळ्या घराचं दार उघडं! लोक हे न वाचता लावतात, याचा मला खरंच राग येतो. नियम वाचल्याशिवाय लावू नका.

लेबल सुधारल्यावर सर्व्हिस चालली, पण 'अनकन्फाइन्ड' म्हणून, म्हणजे जवळपास मोकाट. मग 'सेपॉलिसी जनरेट'ने तिचं स्वतःचं डोमेन बनवलं, तेवढंच पर्मिसिव्ह ठेवलं, म्हणजे अडवायचं नाही, फक्त लॉगमध्ये नोंदवायचं. सकाळ-संध्याकाळच्या दुधात काय काय लागतं ते लॉगमध्ये पाहिलं: काटा नि फॅट मशीनचे पोर्ट, डेटाचं एक फोल्डर, बस. तेवढंच दिलं आणि पर्मिसिव्हची ओळ काढली.

परवा दुसऱ्या डेअरीतून पहाटे सव्वापाचला फोन आला. "दादा, सर्व्हिस उठत नाही, लोक थांबलेत." मी म्हणालो, आत्ता 'सेटएन्फोर्स ०' कर, दूध घे. दुपारी लॉग पाठव.