खाऱ्या गावाचे गोडे पाणी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहराची कीर्ती समुद्राच्या पाण्यावर उभी राहिली, परंतु त्याचा संसार पायाखालच्या खडकात मुरलेल्या गोड्या पाण्यावर चालला. या दोन पाण्यांची हद्द सांभाळणे हेच तिथल्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. रिचर्ड रसेल या डॉक्टरांनी १७५० मध्ये समुद्रजलाच्या औषधी उपयोगावर लॅटिन भाषेत प्रबंध प्रसिद्ध केला, आणि रुग्णांना त्या पाण्यात डुंबवण्याबरोबर ते पाजण्याचाही उपचार सांगितला. त्यांच्यामागून रोगी आले, रोग्यांमागून हौशी श्रीमंत आणि पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेला युवराज आला. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद यांनीही याच किनाऱ्यावर वाफेच्या स्नानाचा आणि चंपी-मालिशीचा व्यवसाय थाटून राजाश्रय मिळवला. १८०१ मध्ये जेमतेम ७,००० वस्ती असलेल्या या गावात १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली, आणि १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६५,००० च्या वर गेली.

एवढ्या लोकांना प्यायला लागणारे पाणी मात्र डोळ्यांना कुठेच दिसत नव्हते, कारण ब्रायटनला बारमाही नदी नाही. शहराच्या पाठीशी असलेल्या डाउन्स नावाच्या गवताळ टेकड्या खडूच्या, म्हणजे प्राचीन समुद्रजीवांच्या कवचांच्या चुऱ्यापासून बनलेल्या पांढऱ्या, मऊ चुनखडीच्या आहेत. त्यांवर पडलेला पाऊस वाहून न जाता मुरतो. हा खडक पाणी पुष्कळ धरतो, पण त्यातले बहुतेक सूक्ष्म छिद्रांत अडकून राहते आणि सहजासहजी सुटत नाही. विहिरीला मिळते ते खडकातील भेगांमधून वाहणारे पाणी. त्यामुळे विहीर किती खोल गेली यापेक्षा तिला किती भेगा लागल्या, याला महत्त्व येते.

हे न उमगता केलेल्या कष्टांचे सर्वांत दारुण उदाहरण शहराच्या पूर्वेस वुडिंगडीन येथे आहे. तेथील गरीब मुलांच्या शाळेसाठी, पाण्यावरील खर्च वाचावा म्हणून, निराश्रितांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने १८५८ मध्ये विहीर खणायला घेतली आणि त्या कामाला आश्रयगृहातील माणसे जुंपली. चारशे फुटांहून खाली जाऊनही पाणी लागेना, तेव्हा आडवा बोगदा काढून त्याच्या टोकाशी पुन्हा सरळ खाली खोदणे सुरू झाले. मेणबत्तीच्या उजेडात, माणूस कसाबसा वावरेल एवढ्या अरुंद जागेत हे काम रात्रंदिवस चालले. १६ मार्च १८६२ रोजी तळाशी असलेल्या गवंड्याला पायाखालची जमीन हळूहळू वर उचलली जात असल्याचे जाणवले आणि माणसे अवजारे टाकून शिड्यांकडे धावली, कारण खालून दाबाखालचे पाणी चढत होते. १,२८५ फुटांची ही विहीर हातांनी खणलेली जगातील सर्वांत खोल विहीर मानली जाते. काटकसरीच्या नावाखाली इतरांच्या शरीरांची केवढी उधळपट्टी करता येते, याचेही ते मोजमाप म्हणता येईल.

खुद्द शहरात १८३४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने लुईस रस्त्याजवळ विहीर पाडून नळाने पाणी देण्यास सुरुवात केली होती. पण ते मोजक्या घरांना आणि दिवसातून ठरावीक वेळच मिळे. नळाची वेळ गाठण्यासाठी दिवस आखणाऱ्या शहरांत राहिलेल्या मराठी वाचकाला याहून अधिक सांगायला नको. बाकीची घरे अंगणातल्या विहिरींवर अवलंबून होती, आणि त्याच खडूत मैलापाण्याचे शोषखड्डेही खणलेले होते. एडवर्ड क्रेसी यांच्या १८४९ च्या सरकारी अहवालात या दुरवस्थेची नोंद आहे. १८५० च्या दशकात आलेल्या नव्या कंपनीने 'अखंड पुरवठा' हे शब्द आपल्या नावातच घातले, आणि तो शब्द पाळण्यासाठी होव्हमधील गोल्डस्टोन येथे १८६६ मध्ये वाफेवर चालणारे उपसा केंद्र उभारले. १८७२ मध्ये हा सारा कारभार नगरपालिकेकडे आला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथे दुसरे, अधिक मोठे इंजिन बसले.

हे तुळईचे इंजिन होते, म्हणजे मधोमध टेकवलेल्या अवजड लोखंडी तुळईच्या एका टोकाला वाफेचे दट्टे आणि दुसऱ्या बाजूला गतिचक्र व पंपाचे दांडे जोडलेले. वाफ आधी लहान नळकांड्यात अधिक दाबाने आणि मग मोठ्या नळकांड्यात कमी दाबाने अशी दोनदा राबवली जाई, त्यामुळे कोळसा वाचे. रंगीत विटांच्या नक्षीदार इमारतीत हे धूड बसवलेले पाहिले, की त्या काळी नगरपालिकांना पाणी देण्याचा किती अभिमान वाटत असे ते कळते. तरीही खरी करामत खाली होती: विहिरीच्या तळापासून किनाऱ्याला समांतर असे आडवे बोगदे काढलेले होते, जेणेकरून समुद्राकडे निघालेल्या भेगा वाटेतच छेदल्या जाव्यात.

त्यात धोकाही होता. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्याने किनाऱ्याच्या खडकात ते त्यावर तरंगून राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील घायबेन आणि पुढे जर्मनीतील हेर्झबर्ग यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस फूट असते. हा हिशेब उलटाही चालतो, म्हणून अति उपसा करणाऱ्या किनारी विहिरीचे पाणी मचूळ होते. कोकणात हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

१९१४ च्या डिसेंबरमध्ये युवराजाचा जुना राजवाडा जखमी हिंदुस्थानी सैनिकांचे रुग्णालय झाला, तेव्हा हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवण्यात आले आणि आवारात नऊ स्वयंपाकघरे उघडली गेली. यामागे सैनिकांच्या धर्मभावनांची कदर होती, तशी साम्राज्याच्या प्रचाराची गरजही होती. एकाच खडूतून येणारे पाणी शेवटच्या काही हातांवर येऊन विभागले जाई, हा विनोद सरकारी व्यवस्थेच्या ध्यानी आला नसावा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर विजेच्या पंपांपुढे वाफेचे दिवस सरले, आणि पाडकामाच्या बेतातून वाचलेली गोल्डस्टोनची इमारत १९७० च्या दशकात यंत्रसंग्रहालय झाली. लोकांच्या लक्षात राहिले ते हे लोखंड. त्याहून मोठा, पण कोणत्याही दालनात मांडता न येणारा बदल १९५७ मध्ये झाला: पावसाने खडक भरत असताना हिवाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी उपसायच्या, म्हणजे एरवी समुद्रात झिरपून जाणारे पाणी पकडता येते, आणि आतल्या बाजूच्या विहिरींना विश्रांती देऊन तिथला साठा उन्हाळ्यासाठी, नेमक्या पर्यटकांच्या हंगामासाठी राखायचा, अशी पाळी ठरली. शहराची तहान भागवण्यासाठी येथे नवे धरण बांधावे लागले नाही, वेळापत्रक बदलावे लागले. अर्थात साठा राखता येतो, पाऊस राखता येत नाही. २०००-०१ च्या अतिवृष्टीच्या हिवाळ्यात शहराच्या उत्तरेकडील पॅचम भागात खडक तुडुंब भरून पाणी जमिनीतून वर आले, आणि जिथे १८८० च्या दशकापासून शहरासाठी पाणी उपसले जात होते, तिथल्याच रहिवाशांना ते तळघरांतून बाहेर काढण्यासाठी पंप लावावे लागले.